फार कष्ट घेतलेस यावर

मागच्या थँक्सगिव्हिंगची, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाची गोष्ट. समोरच्या घरातल्या आजी ८२ वर्षांच्या. बोटं संधिवातानं वाकडी झाल्यापासून त्यांनी ओव्हनला हात लावलेला नाही, म्हणून म्हटलं, यंदा ॲपल पाय, पिठाच्या दोन आवरणांमध्ये सफरचंदं भरून भाजलेला पदार्थ, आपण करून न्यावा. तोही दुकानातलं गोठवलेलं तयार आवरण आणून नव्हे, मैद्यापासून सगळं घरी. (मराठीत लिहायला बसलं की या पदार्थाची पंचाईतच आहे. ‘आजींसाठी पाय घेऊन चाललेय’ असा मेसेज बहिणीला केला, तर तिचा काळजीनं फोन आला.) बाहेर, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला नोव्हेंबरअखेर पडतो तसा ओला, चिकट बर्फ पडत होता. टॉवेलात गुंडाळलेली काचेची थाळी पोटाशी धरून, एकेक पाऊल जपून टाकत मी रस्ता ओलांडला. आजींना खरं तर मी त्यांच्या नावानं हाक मारते, इथे तशीच रीत आहे. पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारताना ३१ वर्षांनंतरही जीभ अडखळते. लिहिताना तरी ती सक्ती नाही. म्हणून आजीच.

जेवणं झाली, पाय कापला गेला. आजींनी काटा वरच्या आवरणावर टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, दाबला. आवरण मोडलं नाही, वाकलं. सफरचंदांचा रस बाजूनं बशीत आला आणि मग कुठे घास सुटला. त्या बराच वेळ चावत होत्या. मग माझ्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, “फार कष्ट घेतलेस यावर, नाही?” मी लाजले. त्यात काय एवढं, म्हटलं. थँक्यूही म्हटलं.

रात्री दहा वाजता थाळीच्या तळाला चिकटलेला भाग खरवडताना माझा हात थांबला. इंग्रजीत पिठावर काम करणं, ‘वर्क’ करणं, म्हणजे ते मळणं, हाताळणं. आणि पायच्या पिठाला तर हे काम मुळीच सोसत नाही. फार काम झालेलं पीठ म्हणजे वाया गेलेलं पीठ. त्यांचं वाक्य आठवून बघितलं. शब्द तोच होता, क्रियापद तेच. कष्ट घेतलेस असंही होतं त्यात, आणि फार मळलंस असंही. आजी कौतुक करत होत्या, की इथल्या वयस्क बायका सांगतात तसं, साखरेत घोळवून, पीठ चिवट झालंय म्हणून सांगत होत्या? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, छान लागला की. पण तो काहीही छान लागला म्हणतो, आणि वरचं आवरण त्यानं बशीच्या कडेला काढून ठेवलं होतं, ते मी बघितलं होतं.

मी थँक्यू म्हटलं होतं!

याचं एवढं काय लागावं, असं कुणीही म्हणेल. मीच मला म्हटलं. पण पीठ हा विषय माझ्यासाठी हळवा आहे. मी सांगलीची. अकराव्या वर्षी पोळ्या लाटायला लागले. आमच्या घरात बाईची पारख तिच्या कणकेवरून व्हायची. नवी सून आली की तिच्या पोळीचे पदर उलगडून बघितले जायचे, आणि ती न्हाणीघरात गेली की कणकेच्या डब्याचं झाकण उघडून बोट दाबून बघितलं जायचं. कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ हवी, हा नियम. पुरणपोळीची असेल तर आणखी सैल. तेलाचा हात लावून लावून, आपटून, ओढून, तार येईपर्यंत तिंबायची. दिवाळीत करंजीचा रवा-मैदा दुधात घट्ट भिजवून ठेवलेला असायचा, तो पाट्यावर वरवंट्यानं कुटायचं काम माझ्याकडे. बहिणीची बोटं नाजूक म्हणून तिच्याकडे मुरड, माझे दंड भरलेले म्हणून माझ्याकडे कुटाई. मला त्याचा राग नव्हता. आई दोन बोटांत गोळा दाबून बघायची आणि “अजून थोडं” म्हणायची. त्या ‘अजून थोडं’ला शेवट नसे. पीठ चांगलं झालं नाही तर त्याचं कारण एकच असू शकायचं: अंग चोरलं.

आपल्याकडे पिठाला किती क्रियापदं आहेत बघा. मळणं, तिंबणं, चुरणं, कुटणं, फेसणं. सगळी जोर लावायची. आणि कणीक तिंबणं म्हणजे एखाद्याला यथेच्छ मार देणं, हाही अर्थ आहेच. मी त्या मैद्याची कणीक तिंबली होती. अक्षरशः. कृतीत लिहिलं होतं, लोण्याचे वाटाण्याएवढे खडे दिसत राहू देत. मला ते खडे बघवेनात. गुठळ्या ठेवायच्या? कोरडं पीठ परातीच्या कडेला तसंच? पाहुणीसमोर अर्धी केर काढलेली खोली ठेवल्यासारखं वाटलं. बोटांनी दोन-चार खडे चुरले, मग आणखी चार, मग थोडं पाणी वाढवलं, मग तळहाताच्या टाचेनं एकदा रेटलं, आणि एकदा रेटल्यावर हाताला जुनी लय सापडली. पाच मिनिटांत असा गुळगुळीत, तुकतुकीत गोळा झाला की आईनं बघितला असता तर डब्याचं झाकण लावून ‘शाब्बास’ म्हटलं असतं.

डिसेंबरभर मी त्यावर वाचत बसले. बाहेर अंधार चार-साडेचारलाच होतो, करायला दुसरं काय होतं? गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन होऊ लागतं, आणि जितकं मळावं तितकी त्याची जाळी घट्ट होत जाते. तीच पुरणपोळीच्या कणकेला तार आणते, तिच्यामुळेच फुलका फुगतो. पायला नेमकी तीच नको असते. म्हणून पाणी कमी, तेही बर्फाचं; हात कमी; आणि लोणी फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं. वजनानं तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी, असं जुनं प्रमाण सांगतात. दोन्ही बाजूंनी आवरण असलेल्या नऊ इंची पायला मी ३२० ग्रॅम मैदा आणि दोन कांड्या, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम लोणी घेते. पाणी अंदाजानं सहा ते आठ चमचे. कुणी त्यातलं थोडं पाणी काढून व्होडका घालतात; अल्कोहोलमध्ये ग्लुटेन होत नाही आणि भट्टीत ते उडून जातं. २००७ मध्ये इथल्या एका पाककृतींच्या मासिकानं ही युक्ती छापली आणि ती खूप गाजली. मला ती पटते, पण ऐन सणाच्या दिवशी पिठात दारू ओतणारा माझा हात मला दिसेना. काही गोष्टी शास्त्रानं सुटत नाहीत.

पण वाचता वाचता एका संध्याकाळी असं काही लक्षात आलं, की मी पुस्तक बाजूला ठेवून उठलेच. आपल्याकडे खुसखुशीतपणा आणि पदर या दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या वेळी पिठात घालतात. आधी मोहन. कडकडीत तापवलेलं तेल किंवा तूप पिठावर ओतायचं, चर्र आवाज यायला हवा, मग ते असं चोळायचं की कणाकणाला स्निग्ध लागलं पाहिजे. त्या कणांना मग पाणी नीट पोचत नाही, तार धरत नाही, आणि शंकरपाळी दाताखाली भुगा होते. पदर मात्र मोहनानं सुटत नाहीत. त्यासाठी साटा. परातीत तूप तळहातानं फेसत राहायचं, पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत, मग त्यात तांदळाची पिठी; पोळी लाटून तिच्यावर तो लावायचा, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, वर तिसरी, मग घट्ट गुंडाळी करून तुकडे कापायचे. साट्याच्या करंज्या, चिरोटे, सगळं या एका थरावर चालतं. आणि पायच्या पिठात काय होतं? लोण्याचा जो भाग पिठात चुरला जातो तो मोहन. जो खडा राहतो तो लाटताना चपटा होतो, पानासारखा पसरतो, आणि पिठाच्या दोन थरांमध्ये जाऊन बसतो. म्हणजे साटाच की तो. फक्त कुणी लावलेला नाही, आपला आपण लागलेला. भट्टीत ते लोणी वितळतं, त्यातलं पाणी वाफ होऊन वर धडका मारतं आणि पदर सुटतात. मी जे खडे अस्वच्छ म्हणून चुरून टाकले होते, तोच सगळा साटा होता.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण जास्त वाटली ती चीड. आई, मावशी, आजी, सगळ्या जणी हात भरून येईपर्यंत तूप फेसत बसायच्या, आणि इथे एक आळशी खडा तेच काम करतो?

जानेवारीत मी आजींकडे गेले आणि म्हटलं, मला शिकवा. त्या वाक्याबद्दल काही बोलले नाही. त्या स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसल्या, वाकडी बोटं मांडीवर ठेवून. मी ओट्यापाशी. त्यांनी पहिल्यांदा माझे दोन्ही हात हातात घेतले, जरा दाबले, आणि चुकचुकल्या. गरम आहेत म्हणाल्या. लोणी साधारण ३२ अंश सेल्सियसच्या पुढे वितळायला लागतं आणि तळहात त्याच घरात असतो. मला नळाखाली, जानेवारीतल्या रॉचेस्टरच्या नळाखाली, मनगटापर्यंत हात धरायला लावले, बोटं बधिर होईपर्यंत. मग चुरायला सांगितलं, फक्त बोटांच्या टोकांनी, तळवा लागू न देता. मी आठ-दहा वेळा चुरलं असेल नसेल, तोच त्या म्हणाल्या, “थांब.”

मला वाटलं काहीतरी विसरलं. नाही. झालं होतं.

त्या महिन्यात त्यांनी मला एवढाच शब्द शिकवला. पाण्याचे सहा चमचे घातले, थांब. मूठभर पीठ उचलून दाबून बघ, गोळा टिकतोय ना, मग थांब. ही मुठीची परीक्षा मला एकदम ओळखीची निघाली; मोहन पुरेसं झालं का ते बघायला आई हेच करायची, मुठीत मुटका वळला पाहिजे म्हणायची. सगळ्या उलट्या जगात एक गोष्ट सुलटी सापडली म्हणून मी हसले, आणि हसता हसता हात पुन्हा पिठात गेला. थांब! तो भेगाळलेला, कडांनी सुटा, लोण्याचे पिवळे डाग दिसणारा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवताना मला खरोखर लाज वाटत होती. तास-दोन तासांनी बाहेर काढला तर भेगा बऱ्याच मिटलेल्या. पीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि जी काही थोडी जाळी झालेली असते ती सैलावते. नाहीतर भट्टीत आवरण आकसून थाळीच्या कडेवरून खाली घसरतं. आपल्याकडेही कणीक झाकून ठेवतातच. फरक इतकाच, की आपण आधी तिला दमवतो.

त्यांच्या फडताळात क्रिस्कोचा निळा डबा असतो. तो बघून मला डालड्याच्या पिवळ्या डब्याची आठवण झाली, खजुराच्या झाडाचं चित्र असलेला, रिकामा झाला की तुळस लावायला किंवा अंघोळीचं पाणी काढायला जाणारा. दोन्हींची जात एकच, वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून घट्ट केलेलं तूप. क्रिस्को १९११ चा, डालडा १९३७ चा. आमच्याकडे तुपाची चणचण असायची त्या वर्षी साटा डालड्याचा व्हायचा, आणि आजी, माझी आजी, तोंडानं काही न बोलता त्या करंज्यांच्या ताटाला हात लावायची नाही. इथल्या आजींची आई लार्ड वापरायची, डुकराची चरबी. क्रिस्को आणणं म्हणजे तिच्या दृष्टीनं भेसळ. पुढे आजींनी तोच डबा वापरला, आणि आता मुली त्यांना ट्रान्स फॅटवरून ऐकवतात. प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीच्या डब्यात पाप दिसतं, किंवा मागच्या. माझ्यापुरतं सांगायचं तर १९९४ मध्ये इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कुणाकडे तरी पाय खाल्ला होता. इतके सुंदर पदर होते, की मी दुसऱ्यांदा मागून घेतला. लार्ड म्हणजे काय ते नंतर कळलं. तेव्हा रडू आलं होतं. आता रडू येत नाही, पण ते पदरही विसरता येत नाहीत, आणि या दोन्हींचं एकमेकांशी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आजींनी मला शिकवताना लार्डचं नावही काढलं नाही. लोणीच. “तुझ्यासाठी,” म्हणाल्या. मी पिठात किती पाणी घालते ते त्यांना दिसतं, तर मला लार्ड चालत नाही हे कसं दिसणार नाही!

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. पहिला पाय भरून झाला, वरचं आवरण पसरलं, कडा खालीवर जुळवल्या, आणि आजी म्हणाल्या, आता काट्यानं दाबून घे. मी काटा घेतला नाही. अंगठ्यानं आणि तर्जनीनं कडेचा कोपरा धरला, दाबून वर मुरडला, पुढचा धरला, त्यावर मुरडला. बहिणीचं काम मी दुरून बघत आले होते, पण बोटांनी ते केव्हा उचललं कुणास ठाऊक. नऊ इंची थाळीभोवती दोरीसारखी मुरड फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. आजी स्टुलावरून उतरल्या. थाळी फिरवून फिरवून बघितली. हे कुठे शिकलीस, विचारलं. मी सांगायला गेले आणि इंग्रजीत मला मुरडीचा शब्द सापडला नाही. गौरीला निरोप देताना मुरडीचा कानवला करतात, तिनं पुढच्या वर्षी पुन्हा मुरडून यावं म्हणून, एवढं सांगितलं. १९९४ मध्ये मी निघाले तेव्हा माझ्या आजीनं पाच कानवले फडक्यात बांधून दिले होते, हे नाही सांगितलं. ते पर्समध्ये चुरडले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर मी तो चुरा बोटांनी खाल्ला, खोबरं, पारी सगळं एक झालेलं, आणि शेजारच्या माणसाला काही वाटू नये म्हणून अधूनमधून घड्याळाकडे बघत होते. मुरडून गेले तशी. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, तिकिटं परवडतील तशी. आजीची गाठ पडली नाही.

त्या सुंदर मुरडीचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. भट्टीत दहा मिनिटांत ती विरघळली. तुपात तळताना मुरड आवळून बसते, पण लोण्याच्या पिठाची मुरड घातल्यावर थाळी पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची असते, तरच ती उभी राहते. आजींना ते माहीत होतं. पण त्या मुरड बघण्यात इतक्या गुंगल्या, की थांब म्हणायला विसरल्या.

फेब्रुवारीत एका रविवारी मी पीठ करत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन पिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. “काय करतेस? शंकरपाळी?” नाही म्हटलं, पायचं आवरण. “मग मळ की ते. कशा भेगा पडल्यात बघ.” मळायचं नसतं गं आई हे. “मळायचं नसतं म्हणजे?” मी तिला साटा, मोहन, वाफ, सगळं समजावून सांगितलं, मोठ्या उत्साहानं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते असू दे. पण दोन हात मारलेस तर काय बिघडणार आहे?” आणि तिच्या स्वरात असं काही होतं, की माझे हात खरंच पुढे झाले. ते मागे घेतले. तिला दिसलं असावं. “बरं बाई, तुमच्याकडची पद्धत,” म्हणाली. तुमच्याकडची. त्या एका शब्दावर मी दिवसभर होते. घरात पसारा टाकून पोरगी शहाणपण सांगतेय, असं तिला वाटलं असेल. आणि मला वाटत होतं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्यासमोर अंग चोरून काहीतरी करतेय आणि ते बरोबर आहे. बरोबर असूनही चोरल्यासारखं वाटत होतं.

असं दहा-बारा वेळा केलं असेल वर्षभरात. तीन वेळा तळ कच्चा राहिला. काचेची थाळी असल्यानं उचलून खालून बघता येतं, तळ पांढरट आणि ओलसर दिसला की पोटात खड्डा पडतो. मग ओव्हनची सगळ्यात खालची पट्टी, सुरुवातीला ४२५ फॅरनहाइट, वीस मिनिटांनी ३७५, हे माझं माझं बसलं. सफरचंदांच्या फोडींना आधी साखर लावून ठेवायची, सुटलेलं पाणी वेगळं आटवून पुन्हा घालायचं. सफरचंदाची निवड आजींची. हिरवी ग्रॅनी स्मिथ सगळीकडे मिळतात, पण त्या म्हणाल्या, पाय करायचा तर नॉर्दर्न स्पाय. ही जात इथलीच, रॉचेस्टरपासून जवळच ईस्ट ब्लूमफील्ड म्हणून गाव आहे तिथली, १८०० च्या सुमाराची. बी लावून आलेलं मूळ झाड फळ धरायच्या आधीच मेलं, आणि त्याच्या मुळांतून फुटलेले धुमारे कुणीतरी नेऊन लावले म्हणून ती जात राहिली. ऑक्टोबरमध्ये मी वेन काउंटीत, ऑन्टॅरिओ सरोवराच्या बाजूला, बागेत जाऊन पेटी घेऊन आले. सरोवराचं पाणी वसंतात लवकर तापत नाही, त्यामुळे काठावरची झाडंही उशिरा फुलतात आणि शेवटच्या हिमापासून वाचतात, असं बागवाल्यानं सांगितलं. त्या थंड पाण्याचं मला आता विशेष वाटायला लागलंय. गाडीभर आंबूस गोड वास होता, आणि परतीच्या रस्त्यावर मी खिडकी बंदच ठेवली.

गेल्या शनिवारी पाय केला. पीठ आठवेळा चुरलं आणि हात मागे घेतले. लाटताना लोण्याचे चट्टे लांबट होत गेलेले दिसत होते, संगमरवरासारखे. मुरड घातली, थाळी फ्रीजमध्ये ठेवली, अर्धा तास खुर्चीत नुसती बसले. कडेची कातरणं उरली होती. करंज्या झाल्यावर उरल्या पारीची आई शंकरपाळी तळायची. इथे त्यावर दालचिनी आणि साखर भुरभुरून भाजतात, मुलांसाठी. पाय भट्टीत असतानाच ती कातरणं एका बशीत घेऊन मी आजींकडे गेले, पाय निवायला तीन-चार तास लागतात आणि मला धीर नव्हता. आजींनी एक उचललं. मोडताना आवाज आला. त्यांच्या स्वेटरवर पापुद्रे सांडले, त्या झटकायला गेल्या आणि वाकड्या बोटांना ते जमेना, तेव्हा तसेच राहू दिले.

मग मी विचारलं. मागच्या वर्षी तुम्ही असं असं म्हणाला होतात, फार कष्ट घेतलेस यावर. ते पीठ जास्त मळलं गेलं म्हणून म्हणाला होतात का?

त्या विचार करत राहिल्या. “मी असं म्हटलं होतं?” त्यांना आठवत नव्हतं. मी आणखी आठवण करून दिली. बर्फ पडत होता, टॉवेल, काचेची थाळी. “हां, बर्फ,” त्या म्हणाल्या. “बर्फातून आणलास ना तू तो. त्यावरून म्हटलं असेन.” आणि दुसरं कातरण उचललं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या बशीकडे बघत होत्या. बशीत तीन तुकडे उरले होते, त्यातला एक त्यांनी माझ्याकडे सरकवला.